हरभऱ्याची आंब, मुळांची साखर आणि जमिनीतले जिवाणू
(शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे हरभऱ्याच्या शेतातून तुम्ही चालत गेला असाल. दवानं पाय भिजतात आणि थोड्या वेळानं पोटऱ्या चुरचुरायला लागतात. ती हरभऱ्याची आंब. आपल्या घरातल्या जुन्या बायामाणसांना ती चांगली माहीत आहे. धुतलेलं पांढरं फडकं पहाटे पिकावरून फिरवायचं, पिळून आंब बाटलीत भरायची आणि पोट दुखलं की द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत.

हरभऱ्याचं झाड पानांतून आंब बाहेर टाकतं, हे आपण डोळ्यांनी पाहतो, जिभेनं चाखतो. पण तेच झाड जमिनीखाली, मुळांतूनही असाच रस बाहेर टाकतं. त्यात आंबट पदार्थ असतात आणि साखरही असते. नुसता हरभराच नव्हे, तर ज्वारी, तूर, कापूस, मोसंबी, सगळीच झाडं मुळांतून साखर सोडतात. ही साखर कोणासाठी, ती कुठे जाते आणि तिचा आपल्या पिकाशी काय संबंध, हे आज सांगायचं आहे. आणि माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे, म्हणजे ती तुमच्या शेतात होणार नाही.

साखरेचा कारखाना

साखर कारखाना म्हटलं की आपल्याला अंबड तालुक्यातलं अंकुशनगर आठवतं. पण त्याहून जुना आणि मोठा कारखाना प्रत्येकाच्या शेतात आहे, तो म्हणजे हिरवं पान. ऊन, हवा आणि पाणी एवढ्यावर पान साखर तयार करतं. अंकुशनगरचा कारखाना गळिताच्या हंगामापुरता चालतो, पानाचा कारखाना ऊन पडेल त्या प्रत्येक दिवशी चालतो.

पानात तयार झालेली साखर झाड स्वतःच्या वाढीला वापरतं, दाण्यात भरतं, मुळांना पाठवतं. मुळांकडे गेलेल्या साखरेतली काही मातीत सोडली जाते. झाडानं कमावलेल्या शंभर भागांपैकी साधारण पाच ते वीस भाग अशा रीतीने मुळांबाहेर जातात. पीक कोणतं, त्याचं वय किती, जमीन कशी, यावर हे प्रमाण कमीजास्त होतं. कोवळ्या मुळ्यांच्या टोकांजवळ ही साखर सर्वांत जास्त पाझरते.

आता तुम्ही म्हणाल, झाड एवढं उधळं कसं? घाम गाळून कमावलेलं मातीत का टाकतं? बंधूंनो, ही उधळपट्टी नाही, ही मजुरी आहे. पेरणीच्या दिवसांत माणसं मिळावीत म्हणून आपण भाकरी, चहा, रोजगार देतो. झाडही तसंच करतं. त्याला पाय नाहीत, ते जागचं हलू शकत नाही. म्हणून ते काम करणाऱ्यांना स्वतःजवळ बोलावून घेतं. हे काम करणारे म्हणजे जमिनीतले जिवाणू.

गुळाला मुंग्या लागतात तसं

घरात गुळाचा खडा उघडा राहिला की मुंग्यांची रांग लागते. मुळांजवळ नेमकं हेच घडतं. मुळापासून लांबच्या मातीत जिवाणू असतात, पण उपाशी, सुस्त पडलेले. मुळाला चिकटलेल्या मातीत मात्र त्यांची जत्रा भरते. लांबच्या मातीपेक्षा तिथे त्यांची संख्या दहापट ते शंभरपट असते. एक ग्रॅम मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू राहू शकतात. आणि ही जत्रा भरते मुळाभोवती केवळ एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली या पट्ट्याला स्वतंत्र नाव दिले, तेव्हापासून त्याचा अभ्यास चालू आहे.

जिवाणू मुळापर्यंत पोचतात कसे? अनेक जिवाणूंना शेपटासारखे बारीक धागे असतात. ते हलवून ते पोहतात. साखर मुळाजवळ जास्त आणि लांब कमी असते. जिवाणू ज्या बाजूला गोडी वाढत जाईल त्या बाजूला सरकतो. पण पोहायला पाणी लागतं. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असेल तरच त्याला वाट मिळते. माती कोरडी ठणठणीत झाली की वाट बंद. शेतात पाणी साचून राहिलं तर मुळांना आणि कामाच्या जिवाणूंना हवा मिळत नाही. म्हणजे ज्याला आपण वाफसा म्हणतो, तोच या जिवाणूंचाही वाफसा.

अलीकडे, २०२१ साली, शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मातीत बॅसिलस सबटिलिस नावाचा एक उपयोगी जिवाणू असतो. त्याला साधी साखर, म्हणजे ऊस-साखर, मिळाली की तो तिच्यापासून एक चिकट पदार्थ बनवतो. त्या पदार्थानं तो चेततो. मग तो साबणासारखा निसरडा पदार्थ सोडतो, शेपटाचे धागे वाढवतो आणि मुळाच्या अंगावर झपाट्यानं पसरतो. म्हणजे साखर ही त्याची नुसती भाकरी नाही, ती 'उठा, कामाला लागा' अशी हाकही आहे.

तरीही एक मर्यादा लक्षात ठेवा. जिवाणू स्वतःच्या बळावर फार लांब जात नाही. त्याची धाव मिलिमीटरांची, फार तर थोड्या सेंटिमीटरांची. बांधावर टाकलेला जिवाणू शेताच्या मधोमध चालत जाणार नाही. म्हणूनच जिवाणू खत बियाण्यालाच चोळायचं असतं. बी उगवलं, पहिलं मूळ फुटलं, पहिली साखर पाझरली की जिवाणू तिथे हजर पाहिजे.

ज्याची हाक त्यालाच कळते

साखर सर्वांनाच बोलावते. पण द्विदल पिकं साखरेबरोबर आणखी काही खास पदार्थ सोडतात. त्या पदार्थांवरून रायझोबियम जिवाणूला कळतं की हे आपलं घर आहे. मग तो मुळाच्या केसात शिरतो आणि मुळावर गाठ तयार होते. त्या गाठीत बसून तो हवेतलं नत्र पकडून झाडाला देतो. हॉलंडच्या मार्टिनस बेयरिंक यांनी १८८८ साली अशा गाठींतले जिवाणू वेगळे काढून वाढवले. जिवाणू खताच्या पुड्याची सुरुवात तिथून झाली असं म्हणायला हरकत नाही.

प्रत्येक पिकाची हाक वेगळी, म्हणून जिवाणूंचे गटही वेगळे आहेत. तूर, मूग, उडीद, चवळी, मटकी आणि भुईमूग हा चवळी गट. हरभऱ्याचा गट वेगळा. सोयाबीनचा वेगळा. वाटाणा आणि मसूर यांचा वेगळा. सोयाबीनचा पुडा हरभऱ्याला चोळला तर पैसे फुकट जातील. पुडा घेताना पिकाचं नाव वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. नवीन जालन्याच्या बाजारात गर्दीच्या दिवशी घाईघाईत घेतलेला पुडा घरी आल्यावर बदलून मिळणं अवघड असतं.

माझी चूक

आता ती चूक सांगतो. दोन रब्बी हंगामांपूर्वीची गोष्ट. जालन्याजवळच्या एका गावात मी बीजप्रक्रियेची सभा घेतली. 'एक लिटर गरम पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवा, त्यात जिवाणूचा पुडा कालवा आणि बियाण्याला चोळा,' असं मी सांगितलं. सभा झाली, चहा झाला, मी दुसऱ्या गावाला गेलो.

त्या सभेत एक मावशी बसल्या होत्या. घरधनी ऊसतोडीला गेलेले, दोन एकर शेत त्या एकट्या सांभाळत होत्या. त्या शेतात वर्षानुवर्षं कापूस आणि ज्वारी, हरभरा पहिल्यांदाच होणार होता. त्यांनी उसनं बियाणं आणलं, चुलीवर पाणी ठेवलं, गूळ विरघळवला आणि वाफा निघत असतानाच त्यात पुडा ओतला. मी सांगितलं होतं तसंच केलं.

डिसेंबरात मी शेतावर गेलो तर पीक पिवळं, खुरटं. रोपं खणून मुळं धुतली. गाठ शोधायला बोटं फिरवावी लागत होती. मावशी म्हणाल्या, 'साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं, मग असं का झालं?' मी विचारलं, 'गुळाचं पाणी गार केलं होतं का?' त्या म्हणाल्या, 'ते तुम्ही कुठं सांगितलं होतं?'

खरंच सांगितलं नव्हतं. उकळत्या पाण्यात जिवाणू जगत नाही. आपल्या हातानं विरजण उकळत्या दुधात टाकण्यासारखं ते झालं. आणि जमीन हरभऱ्याला नवखी असल्यानं तिथे त्या गटाचे जिवाणू आधीपासून पुरेसे नव्हते. मुळं साखर सोडत राहिली, हाक मारत राहिली, पण ओ देणारं कोणी नव्हतं. फुलोऱ्यात २ टक्के युरियाची फवारणी करून पीक थोडंफार सावरलं, पण उसनं फेडून हाती फार राहिलं नाही. मावशींनी मला बोल लावला नाही, पण 'पुढच्या वेळी सगळं सांगत जा' एवढं मात्र म्हणाल्या. म्हणून आज सगळं सांगतो.

बीजप्रक्रिया अशी करा

एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ टाकून गरम करा, गूळ पूर्ण विरघळू द्या. मग भांडं खाली उतरवून ते पाणी पूर्ण गार होऊ द्या. हाताला कोमटही लागता कामा नये. गार झालेल्या पाण्यात २५० ग्रॅमचा एक पुडा कालवा. हा पुडा १० ते १५ किलो बियाण्याला पुरतो. बियाणं ताडपत्रीवर किंवा गोणपाटावर सावलीत पसरून त्यावर हे मिश्रण पुरेल एवढंच शिंपडा आणि हलक्या हातानं चोळा. हरभऱ्याची साल सुटता कामा नये. मग सावलीतच सुकवून लगेच पेरा, फार तर २४ तासांच्या आत. द्रवरूप जिवाणू खत घेतलं असेल तर त्याचं प्रमाण बाटलीवर लिहिल्याप्रमाणे ठेवा.

बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी लावा आणि सुकू द्या. जिवाणू नेहमी सर्वांत शेवटी. जिवाणू लावलेलं बियाणं रासायनिक खतात मिसळू नका. पुड्यावरची मुदत पाहा. पुडा उन्हात, पत्र्याखाली किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका, माठाशेजारी गार जागी ठेवा.

इथे गुळाचं काम दुहेरी आहे. जिवाणू बियाण्याला चिकटून राहतो, आणि मुळाची साखर मिळेपर्यंत त्याला शिदोरी होते.

गाठीचं नत्र फुकटचं नाही

'द्विदल पिकाला नत्र फुकट मिळतं' असं आम्हीच सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. गाठीतल्या जिवाणूला एक ग्रॅम नत्र पकडायला झाडाकडून साधारण बारा ते पंधरा ग्रॅम साखर लागते. झाड हा खर्च करतं, कारण जमिनीत आयतं नत्र नसतं. पण आपण युरियाचा मारा केला तर झाड म्हणतं, आता मजूर कशाला? ते साखर आखडतं आणि गाठी कमी भरतात.

म्हणून कोरडवाहू हरभऱ्याला पेरणीवेळी हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद एवढंच पुरे. सुरुवातीचं थोडं नत्र हे गाठी कामाला लागेपर्यंतचं पोटापाण्याचं. स्फुरद मात्र चुकवू नका, गाठींना ते लागतं.

याच हिशेबानं पानं जपा. घाटेअळीनं किंवा उंट अळीनं पानं खाल्ली की कारखाना बंद पडतो, आणि कारखाना बंद पडला की खाली मजुरांची उपासमार होते. पिकात कोळपणी वेळेवर करा पण खोल करू नका, कारण साखर पाझरणारी कोवळी मुळं वरच्या थरातही असतात आणि खोल पासेखाली ती तुटतात.

काही शेतकरी विचारतात, 'साहेब, झाड साखर सोडतं तर आपणच शेतात गूळ ओतला तर?' जीवामृतात २०० लिटर पाण्याला दोनेक किलो गूळ असतो, तो त्यातल्या जिवाणूंच्या वाढीसाठी, तेवढा ठीक. पण नुसता गूळ किंवा मळी भरमसाट ओतली तर वेगळंच होतं. गोडीवर जिवाणू एकदम वाढतात, आणि वाढताना जमिनीतलं नत्र तेच खाऊन टाकतात. पीक काही दिवस पिवळं पडतं. न कुजलेलं शेणखत किंवा कच्चा काडीकचरा पेरणीच्या तोंडावर गाडल्यावर पीक पिवळं पडतं, त्याचंही कारण हेच. म्हणून शेणखत चांगलं कुजलेलंच घाला, आणि तेही पेरणीच्या आधी पुरेसे दिवस. मूळ जशी थोडी थोडी, रोजच्या रोज, नेमक्या जागी साखर देतं, तसं आपल्याला बादलीनं देता येत नाही.

गोडीवर चोरही येतात

गुळाला मुंग्या लागतात तशा माशाही लागतात. मुळांच्या रसावर पिकाचे शत्रूही टपलेले असतात.

आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीवाल्यांना डिंक्या रोग सांगायला नको. तो ज्या फायटोफ्थोरामुळे होतो, त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि मुळांच्या रसाचा माग काढत येतात. खोडाजवळ पाणी साचवून ठेवणं म्हणजे त्यांना पोहायला तळं बांधून देणं. म्हणून झाडाला दुहेरी आळं करा, पाणी बाहेरच्या आळ्यात द्या, खोडाला लागू देऊ नका. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावा. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बागा जगवणाऱ्यांनी पाण्याचं मोल पाहिलं आहे. पाणी आलं म्हणून ते खोडाशी ओतू नका.

तुरीच्या मर रोगाची बुरशीही जमिनीत वर्षानुवर्षं झोपून राहते आणि तुरीचं मूळ जवळ आलं की जागी होते. त्याच शेतात तुरीवर तूर घेत राहिलो तर ती दरवर्षी पोसली जाते. म्हणून फेरपालट करा. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं दिलेले बी.एस.एम.आर. ७३६, बी.डी.एन. ७११ यांसारखे रोगाला तोंड देणारे वाण पेरा. आपल्या वाडवडिलांची ज्वारीत तुरीचे तास टाकायची रीतही सोडू नका. हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट केंद्रावरच्या प्रयोगांत ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर कमी आढळली आहे.

ज्वारीवरचा टारफुलाही असाच. त्याचं बी जमिनीत पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळांतून विशिष्ट पदार्थ पाझरले की मगच उगवतं. मूळ बोलतं ते मित्रही ऐकतात आणि शत्रूही.

स्वतः पाहा, मग विश्वास ठेवा

मी सांगतो म्हणून मानू नका. पेरणी करताना चार तासं बिनजिवाणूची ठेवा, पण ती आधी पेरा, नाहीतर तिफणीला लागलेला जिवाणू त्यांनाही मिळेल. तिथे खुंटी रोवून ठेवा. पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच रोपं खुरप्यानं मातीसकट काढा. उपटू नका, उपटली की गाठी जमिनीतच राहतात. बादलीत हलक्या हातानं धुवा. गाठ नखानं फोडून पाहा. आत गुलाबी किंवा लालसर दिसली तर ती कामाची. पांढरी किंवा हिरवट दिसली तर तिचं काम सुरू नाही किंवा संपलं. ज्या शेतात नेहमी हरभरा होतो तिथे दोन्हीकडे गाठी दिसतील, कारण जिवाणू जमिनीत आधीच आहेत. नवख्या शेतात फरक चटकन कळेल.

त्या मावशींच्या शेतात गेल्या रब्बीत आम्ही असंच केलं. पाणी गार झालं की नाही हे त्यांनी स्वतः बोट बुडवून पाहिलं आणि मलाही बुडवायला लावलं. डिसेंबरात रोपं काढली. खुंटीच्या आतल्या रोपांना तुरळक गाठी आणि बाहेरच्या रोपांना मुळाच्या सोंडेवर घोसच्या घोस. मावशींनी एक गाठ फोडली, गुलाबी रंग सुनेला दाखवला आणि म्हणाल्या, 'बघ, हे जिवंत आहे.' माझ्या भाषणाहून ते वाक्य चांगलं आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. पिकाच्या नावाचाच जिवाणू पुडा घ्या, मुदत पाहा, सावलीत गार जागी ठेवा.
२. १२५ ग्रॅम गूळ, एक लिटर पाणी. पूर्ण गार झाल्यावरच पुडा कालवा.
३. आधी औषध, शेवटी जिवाणू. सावलीत सुकवा, २४ तासांच्या आत वाफशावर पेरा.
४. द्विदल पिकाला युरियाचा मारा नको, स्फुरद चुकवू नका.
५. शेणखत कुजलेलंच घाला. पानं जपा, कोळपणी उथळ करा.
६. मोसंबीच्या खोडाला पाणी लागू देऊ नका. तुरीवर तूर घेऊ नका.
७. ४० ते ४५ दिवसांनी गाठ फोडून रंग पाहा.

काही अडलं तर कृषी विभागाच्या आपल्या गावच्या कर्मचाऱ्याला विचारा, किंवा रोप मुळासकट घेऊन या. आम्ही सांगताना काही विसरलो असं वाटलं तर तेही विचारा, संकोच करू नका.